गाडी त्याच्याच नावावर हवी

तंजावरच्या मोठ्या देवळाच्या दाराशी नाताळच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत उभे राहिले, की मराठी हमखास कानांवर पडते. पुणे, सांगली, नागपूर, बेळगाव अशा गावांहून आलेली कुटुंबे रामेश्वराच्या वाटेवर येथे एक-दोन दिवस थांबतात. राजराज चोळाने १०१० मध्ये पुरे केलेले हे देऊळ पाहून ती थक्क होतात. पण देवळाच्या आवारातील भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास दिसला, की त्यांचे डोळे खऱ्या अर्थाने चमकतात. परक्या मुलखात आपली अक्षरे भेटावीत, याचा आनंद काही वेगळाच!

ही अक्षरे दाखवणारा असतो गाइड. पुष्कळदा तोच गाडीही चालवतो. समजा, असा एक गाइड एका कुटुंबाबरोबर चार दिवस हिंडला. त्याने मोडक्यातोडक्या हिंदीत दारासुरमच्या देवळातले दगडी रथचक्र समजावून सांगितले. सरस्वती महाल ग्रंथालय बंद व्हायच्या आत सर्वांना तेथे पोहोचवले. आजींसाठी बिनतिखटाचे जेवण शोधले. मुले त्याला 'अण्णा' म्हणू लागली. शेवटच्या संध्याकाळी वहिनींनी सहज विचारले, "गाडी तुमचीच ना?"

"नाही अम्मा, मालकाची."

या एका उत्तराने अनेक कुटुंबे विचारात पडतात. चार दिवसांचे भाडे मालकाकडे जाणार. याला मिळणार रोजचा बत्ता आणि पाहुणे खूश झाले तर थोडी बक्षिसी. 'याची स्वतःची गाडी असती तर?' मग घरी परतताना गाडीच्या डब्यात हिशेब सुरू होतात. आपण काही मदत करावी का? किती? कशी?

भावना चांगलीच आहे. मात्र नुसत्या भावनेवर घेतलेली गाडी दोन पावसाळ्यांतच फायनान्स कंपनीच्या अंगणात जाऊन उभी राहते. म्हणून मदतीचा हात पुढे करण्यापूर्वी काही गोष्टी समजून घेणे बरे.

सफर आणि सफारी

'सफारी' हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला. इंग्रजीने तो आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतून घेतला आणि स्वाहिलीने अरबी 'सफर'वरून. म्हणजे मराठीतली 'सफर' आणि जंगलातली 'सफारी' या सख्ख्या बहिणीच! आणि सफर म्हटली की वाहन आलेच.

या धंद्यात ज्ञानापेक्षा वाहनाला अधिक पैसे मिळतात, हे कटू असले तरी सत्य आहे. आपल्या ताडोब्यातच पाहा. तेथे गाइडचे मानधन वेगळे आणि गाडीचे भाडे वेगळे. वाघाच्या पाऊलखुणा ओळखणाऱ्याच्या वाट्याला जे येते, त्याच्या कितीतरी पट रक्कम गाडीकडे जाते. अर्थात डिझेल, टायर, दुरुस्ती, विमा हा खर्चही गाडीचाच. पण तो वजा जाता उरते ते मालकाचे. म्हणूनच मोहर्लीसारख्या गावांत तरुणांची पहिली इच्छा असते, ती स्वतःच्या जिप्सीची.

तंजावरची गोष्ट याहून निराळी नाही. येथून शंभरेक किलोमीटरवर समुद्रकाठी कोडिक्करईचे अभयारण्य आहे. १९६७ मध्ये जाहीर झालेल्या या अभयारण्यात काळवीट आहेत आणि हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. देवळांची वाट असो की अभयारण्याची, पाहुण्याला न्यायला गाडी लागतेच. ज्याची गाडी, त्याच्या हाती कमाई.

आधी काम, मग गाडी

कुणी गाडीविषयी बोलू लागला, की सगळे प्रथम विचारतात, "कुठली घेणार?" खरा पहिला प्रश्न आहे, "महिन्याला किती दिवस धावणार?"

पाहुण्यांची गर्दी सुट्ट्यांपुरती असते. दिवाळी, नाताळ, पोंगल आणि मे महिना संपला, की हॉटेलांच्या ओसऱ्या रिकाम्या होतात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पावसाचा काळ. वादळी पावसाची बातमी आली, की ठरलेल्या सहलीही रद्द होतात. हप्ता मात्र रद्द होत नाही!

म्हणून शहाणा गाइड केवळ पाहुण्यांवर विसंबत नाही. कुंभकोणमच्या परिसरात नवग्रहांची नऊ देवळे आहेत. तिरुनल्लारचे शनीचे स्थान त्यांतलेच. एकाच दिवसात नऊही देवळे करणारे भाविक बाराही महिने येतात. शिवाय लग्नकार्ये, त्रिचीच्या विमानतळाच्या फेऱ्या आणि इस्पितळात जाणारे रुग्ण यांचेही काम असते. हे स्थानिक काम ज्याच्याकडे आहे, त्याने गाडीचा विचार करावा. ज्याच्याकडे नाही, त्याने आधी मालकाच्या गाडीवर वर्षभर काढून ते मिळवावे आणि धावलेला प्रत्येक दिवस वहीत लिहावा. बँकेच्या साहेबालाही ही वही कोणत्याही शिफारसपत्रापेक्षा अधिक काही सांगेल.

आणखी एक इशारा. कुंभकोणमचा महामहम उत्सव बारा वर्षांनी येतो. २०१६ नंतरचा उत्सव २०२८ मध्ये आहे. 'त्या वर्षी एवढी गर्दी होणार' असे म्हणून पाच वर्षांचे कर्ज घेणारे निघतील. पण एका उत्सवावर साठ हप्ते फिटत नाहीत. २०२० चा अनुभव ताजा आहे. मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि पर्यटनाच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या. रिझर्व्ह बँकेच्या सवलतीमुळे ऑगस्टअखेरपर्यंतचे हप्ते पुढे ढकलता आले. व्याजाचे मीटर मात्र चालूच राहिले.

आठ टक्के स्वस्त की अकरा?

आता थोडे गणित. वहिनींना घरखर्चाचे गणित येते, तेवढे येथे पुरे.

धरून चला, गाडी रस्त्यावर येईपर्यंत ८ लाख रुपये लागतात. २ लाख स्वतःचे आणि ६ लाखांचे कर्ज, मुदत ५ वर्षे. एक बँक म्हणते, व्याज ११ टक्के. दुसरीकडचा एजंट हसून म्हणतो, "आमच्याकडे फक्त ८ टक्के!" कुणीही दुसरीकडेच धाव घेईल.

पण बँकेचे ११ टक्के उरलेल्या कर्जावर लागतात. कर्ज घटत जाते तसे व्याजही घटते. हप्ता बसतो साधारण १३,०४५ रुपये आणि पाच वर्षांत व्याजापोटी सुमारे १ लाख ८३ हजार जातात. एजंटचे ८ टक्के 'फ्लॅट' असतात. म्हणजे कर्ज कितीही फिटले, तरी व्याज पूर्ण ६ लाखांवर पाचही वर्षे. ते होते २ लाख ४० हजार आणि हप्ता १४ हजार. 'स्वस्त' आठ टक्के प्रत्यक्षात चौदाच्या आसपास पडतात!

या फसगतीवर आता एक इलाज आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या अशा कर्जांसाठी बँका आणि वित्त कंपन्यांनी कर्जदाराला मुख्य बाबींचे पत्रक द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सर्व शुल्कांसह वर्षाला खरा दर किती पडतो, हे त्यात छापलेले असते. सही करण्यापूर्वी ते मागून घ्यावे आणि दोन ठिकाणची पत्रके शेजारी ठेवून पाहावीत. मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास दंड किती, हेही विचारावे. गाइडला इंग्रजी कागद वाचण्याची सवय नसेल, तर पाहुण्याने ते वाचून समजावून देणे ही बिनपैशाची, पण मोलाची मदत आहे.

कर्ज कोठून?

२०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत छोट्या व्यवसायासाठी तारणाशिवाय कर्ज मिळू शकते. प्रवासी टॅक्सीचा त्यात समावेश आहे. 'किशोर' गटात ५ लाखांपर्यंत आणि 'तरुण' गटात १० लाखांपर्यंत मर्यादा आहे. अर्थात योजना आहे म्हणून कर्ज मिळेलच असे नाही. परतफेड होईल की नाही, हे बँक पाहतेच. येथे ती वही उपयोगी पडते.

वाहनकर्जाच्या बाबतीत तमिळनाडूची परंपरा जुनी आहे. सुंदरम फायनान्स ही कंपनी मद्रासला १९५४ मध्ये निघाली. आर. त्यागराजन यांनी १९७४ मध्ये भिशीच्या व्यवसायापासून श्रीराम समूहाची सुरुवात केली आणि १९७९ पासून या समूहाची वाहनकर्जाची कंपनी ट्रकचालकांना जुने ट्रक घेण्यासाठी पैसे देऊ लागली. ज्याच्याकडे ना पगाराची पावती ना घराचा उतारा, अशा माणसाला बँक तेव्हा दारात उभे करीत नसे. त्याच्या हातातील कसब आणि रस्त्यावरचे काम पाहून कर्ज देता येते आणि ते बहुतांशी फिटते, हे या व्यवसायाने दाखवून दिले. त्यागराजन यांनी पुढे कंपनीतील आपला हिस्सा सहकाऱ्यांसाठी असलेल्या न्यासाकडे सोपवला. येथे कोणत्याही एका कंपनीची शिफारस करायची नाही. व्याजदर सर्वत्र तपासलेच पाहिजेत. पण 'गरीब माणूस कर्ज बुडवतो' हा समज किती पोकळ आहे, हे यातून कळते.

आपली भिशी, ती त्यांची 'सीट्टु'. सुरुवातीचे २ लाख जमवण्यासाठी अनेकजण ती लावतात. १९८२ च्या चिट फंड कायद्याखाली नोंदलेली असेल तरच तिच्यात पैसे गुंतवावेत. दुसरा नेहमीचा मार्ग म्हणजे बायकोचे दागिने. तमिळनाडूत सोनेतारण घरोघरी चालते. पण दागिन्यांवरचे व्याज आणि गाडीचा हप्ता एकदम सुरू झाले, की संसाराची ओढाताण होते. पहिल्या मंद महिन्यात मागे पडते ते सोन्याचे व्याज. बोली लागते ती बायकोच्या बांगड्यांची. तेव्हा गाडी कमी किमतीची घ्यावी, हवी तर चांगली तपासलेली जुनी घ्यावी, पण दुहेरी कर्ज टाळावे.

कशी मदत करू नये

पहिली गोष्ट, भावनेच्या भरात जामीन राहू नये. 'नुसती सही तर करायची' असे म्हटले जाते. पण १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १२८ व्या कलमानुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले, तर बँक थेट जामीनदाराकडे येऊ शकते. आपल्या मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज घ्यायला जावे आणि तंजावरचे थकलेले हप्ते तेथे आडवे यावेत, असे घडू शकते. संपूर्ण रक्कम स्वतः भरण्याची तयारी असेल, तरच सही करावी.

दुसरी, गाडी आपल्या नावावर घेऊन त्याला चालवायला देऊ नये. 'तो फेडेल तशी नंतर त्याच्या नावावर करू' हा विचार वरवर सुरक्षित वाटतो. पण अपघात झाला, तर भरपाईचा दावा नोंदणीकृत मालकावर येतो. गाडी विकून टाकली, पण नोंदणी बदलली नाही, तरी कायद्याच्या दृष्टीने जुनाच मालक जबाबदार राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. शिवाय यात गाइडचे काय साधले? काल त्याचा एक मालक तंजावरला होता, आज दुसरा पुण्याला! मालक बदलला, तो स्वतः मालक झाला नाही.

तिसरी, 'ओन बोर्ड' गाडीच्या मोहात त्याला पाडू नये. तमिळनाडूत खासगी पांढऱ्या पाटीच्या गाडीला 'ओन बोर्ड' आणि पिवळ्या पाटीच्या टॅक्सीला 'टी बोर्ड' म्हणतात. खासगी गाडीचा कर आणि विमा कमी पडतो, म्हणून काहीजण तीच गुपचूप भाड्याने फिरवतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार भाड्याने प्रवासी नेण्यास परवाना लागतो. तो नसेल तर दंड होतो, गाडी अडकते आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते. मग गाडी गेली, कर्ज मात्र राहिले. टॅक्सी म्हणून नोंदलेली गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करून घ्यावी लागते. हा खर्चही सुरुवातीच्याच हिशेबात धरावा.

मग कशी करावी?

समजा, कुटुंबाने ठरवले की ४० हजार रुपये द्यायचे. हे पैसे कोठे घालावेत? बहुतेकांना वाटते, गाडी घेतानाच द्यावेत, म्हणजे कर्ज कमी होईल. पण वरच्याच उदाहरणात कर्ज ४० हजारांनी कमी झाले, तर हप्ता कमी होतो जेमतेम ८७० रुपयांनी. तेच ४० हजार त्याच्या बँक खात्यात अडीअडचणीसाठी वेगळे राहिले, तर तीन पूर्ण हप्ते भरून उरतात. पावसाने बुडालेला महिना, टायफॉइडने अंथरुणाला खिळलेले पंधरा दिवस, गॅरेजमध्ये अडकलेले इंजिन, यांपैकी कशानेही मग गाडी जात नाही. गाडी घेऊन देण्यापेक्षा ती टिकवून देणे ही खरी मदत.

रक्कम उसनी द्यायची की भेट, हे दोन्हीकडे आधीच स्पष्ट असावे. उसनी असेल, तर साध्या कागदावर लिहून घ्यावी आणि बँकेमार्फतच द्यावी. २० हजार वा त्याहून अधिक उसने रोखीत घेणे प्राप्तिकर कायद्याला मान्य नाही. भेट असेल, तर नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेल्या भेटी मिळून ५० हजारांहून अधिक झाल्यास ती सारी रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते, हे त्याला सांगून ठेवावे. आणि परत मिळाली नाही तरी आपल्या घरात भांडण होणार नाही, एवढीच रक्कम द्यावी. हा नियम कुठल्याही कायद्यात नाही, पण सर्वांत उपयोगी आहे.

त्याच्या बायकोलाही या बोलण्यात घ्यावे. हप्त्याची तारीख बहुधा तिच्याच ध्यानात राहते. तमिळनाडूत १९८९ पासून धर्मपुरी जिल्ह्यातून महिला बचत गटांची चळवळ पसरली. गटाचा हिशेब ठेवणारी स्त्री गाडीची वहीही सहज ठेवू शकते. डिझेल, बत्ता, दुरुस्ती आणि हप्ता यांचे चार रकाने केले, की झाले.

ज्यांना पैसे देणे शक्य नाही, त्यांनी खट्टू होण्याचे कारण नाही. गाइडला सर्वांत जास्त गरज असते ती कामाची. त्याचा फोन क्रमांक, त्याची परवानगी घेऊन, भिशी मंडळात आणि ज्येष्ठ नागरिक संघात द्यावा. त्याला 'पाणी हवे का', 'पायऱ्या जपून' अशी पाच-पंचवीस मराठी वाक्ये लिहून द्यावीत. भोसले राजांची नावे आणि सने देवनागरीत टिपून द्यावीत. मराठी पाहुण्याशी दोन वाक्ये मराठीत बोलणाऱ्याला पुढच्या सुट्टीत काम मिळतेच. पुन्हा गेलात, तर भाड्यात घासाघीस करू नये. 'मागच्या वेळी मदत केली होती' असे म्हणून सवलत मागणे म्हणजे दिलेले व्याजासह वसूल करणे होय.

शेवटचा कागद

साठावा हप्ता भरला, की काम संपले असे अनेकांना वाटते. पण आर.सी. बुकावर कर्ज देणाऱ्याचा बोजा अजून असतोच. त्याच्याकडून ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आर.टी.ओ. कार्यालयात तो काढून घ्यावा लागतो. हे राहून गेले, तर गाडी विकताना अडचण होते. पाच वर्षांनी कुणीतरी आठवणीने फोन करून "तो कागद घेतलास ना?" असे विचारावे. तोवर नाते टिकले असेल, तर त्याच्यासारखे दुसरे काही नाही.

तंजावरच्या भोसले राजांनी रामेश्वराच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी छत्रे बांधली. ओरत्तनाडूचे मुक्तांबा छत्र सरफोजीराजांच्या काळचेच. पण नुसत्या इमारती बांधून ते थांबले नाहीत. छत्रांचा खर्च भागावा, म्हणून त्यांना जमिनींचे उत्पन्न लावून दिले. रोज कुणाच्या दयेची वाट पाहावी लागू नये, हा त्यामागचा विचार. त्याच वाटेवर आज मराठी पाहुण्यांची गाडी चालवणाऱ्या अण्णाला हात द्यायचा, तर याच रीतीने द्यावा. पुढच्या खेपेस कुणी वहिनी त्याला विचारतील, "गाडी तुमचीच ना?" तेव्हा त्याला क्षणभरही थांबावे न लागता 'हो' म्हणता यावे.